कृत्रिम नखे घरी उतरविण्याचा प्रश्न

लग्नसराई सरली, पाहुणे आपापल्या गावी परतले, दागिने पुन्हा पेटीत गेले आणि शालू मलमलीत गुंडाळून ठेवला गेला, तरी समारंभाची जी एक खूण सहजासहजी अंगावरून उतरत नाही ती म्हणजे बोटांवर बसविलेली कृत्रिम नखे होत. ती बसवून घेताना पार्लरमध्ये तास-दोन तास निश्चल बसणारी स्त्री ती काढताना मात्र पाव तासाची सवड द्यायला राजी नसते. एखादे नख कडेने सुटू लागले की त्याखाली दुसऱ्या हाताचे नख, कात्रीचे टोक किंवा दोरा घालून ते उचकटावे असा मोह तिला होतो, आणि जे नैसर्गिक नख पुरते घडायला सहा महिने लागले त्याचे वरचे पापुद्रे त्या एका हिसक्यासरशी कृत्रिम नखाबरोबर निघून येतात. असल्या विषयाला क्षुल्लक मानण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु ज्या बाबीत रसायनशास्त्र, त्वचारोगचिकित्सा, घरातील आगीची भीती आणि लहान मुलांचे रक्षण ही चारही प्रकरणे एकत्र येतात, तिची हेळसांड करणे योग्य नव्हे. या प्रश्नाच्या सर्व अंगांचा येथे आढावा घ्यावयाचा आहे, आणि त्यातून जे निष्पन्न होते ते आरंभीच नमूद करतो: नखाची खराबी बहुतांशी कृत्रिम नख बसविल्यामुळे होत नाही, ते बळाने काढल्यामुळे होते, आणि काढण्याची रीत कोणती, हे ते नख कोणत्या पदार्थाचे आहे यावर संपूर्णपणे अवलंबून असते.

प्रथम नैसर्गिक नखाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे एकावर एक दाबून बसलेले थर असून त्यांची एकूण जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. हे थर तयार होतात ते नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली दडलेल्या जिवंत भागात, ज्याला नखाचे गर्भस्थान म्हणता येईल. तेथून ते दरमहा सुमारे तीन मिलिमीटर या गतीने पुढे सरकतात. म्हणून हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे होण्यास सुमारे सहा महिने लागतात, आणि पायाच्या अंगठ्याच्या नखास वर्ष ते दीड वर्ष लागते. या साध्या शरीरधर्मातून दोन महत्त्वाच्या गोष्टी उद्भवतात. नखाचा दिसणारा भाग मृत असल्यामुळे त्याला झालेली जखम भरून येत नाही, ती फक्त वाढीबरोबर पुढे सरकून कापली जाते. आणि गर्भस्थानाला इजा झाली तर मात्र नखावरची रेघ किंवा वेडेवाकडेपणा कायमचा राहण्याचा संभव असतो. मुळाजवळची पातळ कातडी, जिला क्यूटिकल म्हणतात, ती या गर्भस्थानाच्या दारावरील राखण आहे, आणि ती खरवडून काढणे म्हणजे जंतूंना वाट मोकळी करून देणे होय.

आता कृत्रिम नखाकडे वळू. या पदार्थाचा उगम दंतवैद्यकात आहे, ही गोष्ट अनेकांना नवल वाटण्यासारखी आहे. १९५४ साली फिलाडेल्फियातील फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याचे नख काम करताना मोडले, आणि कवळीसाठी लागणारे ॲक्रिलिक वापरून त्याने त्या जागी तात्पुरते नख घडविले. पुढे त्याचाच व्यवसाय झाला. द्रव मोनोमर आणि पॉलिमरची भुकटी एकत्र करून क्षणात घट्ट होणारा लगदा तयार करावयाचा, हे तत्त्व आजही तेच आहे. बदलला आहे तो द्रव. आरंभीच्या काळात मिथिल मेथाक्रिलेट हा द्रव सर्रास वापरला जाई. त्याच्या योगाने नखे खराब झाल्याच्या आणि त्वचेला पुरळ उठल्याच्या तक्रारी आल्यावरून १९७०च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शंभर टक्के मिथिल मेथाक्रिलेट असलेले माल कोर्टाच्या मार्फत बाजारातून उठविले. त्याची जागा मुख्यतः एथिल मेथाक्रिलेटने घेतली. हा इतिहास प्रस्तुत विषयाशी निकटचा आहे, कारण मिथिल मेथाक्रिलेटचे नख अतिशय कठीण असते, ॲसिटोनला दाद देत नाही, आणि कशात अडकून हिसका बसला तर स्वतः मोडण्याऐवजी खालचे नैसर्गिक नखच मुळातून उचलते. स्वस्तात काम करणाऱ्या एखाद्या ठिकाणी बिनलेबलाच्या बाटलीतून हा द्रव वापरला गेला असेल, तर घरी तासभर भिजवूनही नख मऊ पडत नाही असा अनुभव येतो. तेव्हा ते अपयश आपल्या हाताचे नसून पदार्थाचे आहे, हे जाणून तेथेच थांबावे.

आज प्रचारात असलेल्या नखांचे काढण्याच्या दृष्टीने चार वर्ग पडतात. पहिला, तयार प्लॅस्टिकची नखे चिकटपट्टीने किंवा गोंदाने बसविलेली, ज्यांना बाजारात प्रेस-ऑन म्हणतात. दुसरा, वर सांगितलेली ॲक्रिलिकची नखे. तिसरा, जेल-पॉलिश, मऊ जेल आणि डिप-पावडर, म्हणजे जी ॲसिटोनने भुसभुशीत होऊन निघतात अशी लेपने. आणि चौथा, ज्याला हार्ड जेल म्हणतात तो, दिव्याच्या अतिनील प्रकाशाने घट्ट झाल्यावर ज्याच्या जाळीदार रेणुरचनेत कोणतेही घरगुती द्रावक शिरू शकत नाही असा पदार्थ. आपल्या बोटांवर यांपैकी काय आहे हे बसवून घेतानाच विचारून ठेवावे, शक्य तर मोबाइलमध्ये लिहून ठेवावे. कारण चार आठवड्यांनंतर नुसत्या दिसण्यावरून जेल आणि ॲक्रिलिक यांतील भेद जाणकारालाही नेहमीच सांगता येत नाही.

प्रेस-ऑन नखांचा निकाल सोपा आहे. चिकटपट्टीची असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे हात बुडवून ठेवले, आणि कडेने थेंब-थेंब खोबरेल तेल सोडले, की चिकटपणा सैल होतो. मग नख एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू डोलवीत सोडवावे, वर उचलू नये. गोंदाने बसविलेली असतील तर गोंद बहुधा सायनोॲक्रिलेट असतो, ज्याचा शोध १९४२ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर याच्या हातून लागला आणि ज्याला आपण घरोघरी झटपट चिकटणारा गोंद म्हणून ओळखतो. कोमट पाण्याने त्याची पकड कमी होते, आणि तेवढ्याने भागले नाही तर ॲसिटोनने तो मऊ होतो. या गोंदाची एक तऱ्हा लक्षात ठेवण्याजोगी आहे: तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर जलद घट्ट होताना इतकी उष्णता निर्माण होते की त्वचा भाजते. सबब सांडलेला गोंद कापसाने टिपू नये, आणि गोंदाची बाटली डोळ्यांत घालावयाच्या औषधाशेजारी कदापि ठेवू नये. या दोन बाटल्यांची अदलाबदल होऊन डोळे चिकटल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

ॲक्रिलिकचे प्रकरण अधिक सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घरी सर्वाधिक नासाडी येथेच होते. सामग्री अशी: शुद्ध ॲसिटोन, कापूस, जेवण बांधण्याचा ॲल्युमिनियमचा कागद, व्हॅसलीन, नेलकटर, १०० ते १८० क्रमांकाची नखांची कानस, आणि लाकडाची बोथट कांडी. बाजारातील रंगीत नेलपॉलिश-रिमूव्हरची बाटली पुष्कळदा ॲसिटोनविरहित असते. साधे नेलपॉलिश त्याने निघते, ॲक्रिलिकवर मात्र त्याचा अंमल चालत नाही. म्हणून वेष्टन वाचून खरेदी करावी. आपल्या देशात १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली २०२० साली जे सौंदर्यप्रसाधनांचे नियम झाले, त्यांनुसार वेष्टनावर घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. ती यादी ज्या बाटलीवर नसेल ती घेऊच नये.

प्रथम कृत्रिम नखाचा बोटापुढे गेलेला भाग नेलकटरने कापावा. एकदम आडवा न कापता दोन्ही कडांनी थोडा-थोडा कापीत मध्याकडे यावे, म्हणजे दाब पडून खालचे नख तडकत नाही. नंतर कानशीने वरची चकाकी आणि जाडी कमी करावी. द्रावक आत शिरण्यासाठी हे घासणे अवश्य आहे, परंतु त्याची मर्यादाही तितकीच अवश्य आहे: कृत्रिम पदार्थाचा पातळ थर शिल्लक असतानाच थांबावे, आणि घासताना बोटाला ऊब किंवा चटका जाणवला तर तो थांबण्याचा हुकूम समजावा. मग नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावावे, नखावर मात्र लागू देऊ नये, कारण तुपकट थर द्रावकाला अडवितो. नखाच्या आकाराचा कापसाचा तुकडा ॲसिटोनने भिजवून नखावर ठेवावा, त्यावर ॲल्युमिनियमचा कागद घट्ट गुंडाळावा, आणि वीस ते तीस मिनिटे वाट पाहावी. एका वेळी एकच हात बांधावा. दुसरा हात दार उघडायला, मुलाला आवरायला, आणि काही विपरीत घडल्यास इलाज करायला मोकळा असला पाहिजे.

वीस मिनिटांनी एकच बोट, शक्यतो करंगळी, उघडून पाहावी. प्रक्रिया योग्य मार्गावर असेल तर ॲक्रिलिकचा पूर्वीचा काचेसारखा कडकपणा नाहीसा होऊन त्याचा थर भिजलेल्या डिंकासारखा चिकट आणि लिबलिबीत झालेला दिसतो, व कांडीच्या बोथट टोकाने मुळाकडून टोकाकडे हलकेच सारला असता गोळा होऊन पुढे येतो. जेथे तो सरकत नाही, जेथे कांडीला विरोध जाणवतो, तेथे जोर लावावयाचा नाही. नवा कापूस, नवे ॲसिटोन, पुन्हा दहा मिनिटे. उघडे ठेवलेले नख मिनिटभरात पुन्हा घट्ट होऊ लागते, यास्तव पाचही बोटे एकदम उघडून बसू नये, एकेक उघडून एकेक उरकावे. ही पुनरावृत्ती कंटाळवाणी आहे खरी, तरी ज्याला कला म्हणावी अशी गोष्ट या साऱ्या उद्योगात एवढीच आहे: विरोध जाणवताच हात मागे घेणे. कोणी वाडग्यात ॲसिटोन ओतून त्यात बोटेच बुडवून ठेवण्याची शिफारस करतात. त्याने काम होते, पण अख्ख्या बोटाच्या कातडीतील स्निग्धांश शोषला जाऊन ती पांढरी, कोरडी आणि भेगाळ पडते, आणि उघड्या वाडग्यातून वाफ सतत खोलीभर पसरते. कापूस आणि कागद यांची पद्धत या दोन्ही दृष्टींनी श्रेयस्कर असून, अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही जेल उतरविण्यासाठी तिचाच पुरस्कार केला आहे.

जेल-पॉलिश आणि डिप-पावडर यांची रीत हीच, फक्त वेळ कमी, म्हणजे दहा ते पंधरा मिनिटे. डिप-पावडरमध्ये भुकटी धरून ठेवणारा पदार्थ सायनोॲक्रिलेटच असल्यामुळे ती ॲसिटोनला लवकर वश होते. जेल-पॉलिश ॲक्रिलिकप्रमाणे विरघळत नाही. ते फुगते, सुरकुतते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. वरचा चकाकीचा थर आधी कानशीने खरखरीत केला नाही तर द्रावक आत पोहोचत नाही, आणि मग पापुद्रे अर्धवट सुटलेले पाहून खरवडण्याची बुद्धी होते. हे खरवडणेच घातक ठरते. जेल-पॉलिशनंतर पातळ आणि ठिसूळ झालेल्या नखांची तपासणी मियामी येथील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. तीत पाचच स्त्रिया होत्या, आणि आधीची व नंतरची जाडी मोजता आली ती त्यांपैकी एकीचीच, परंतु तिच्या बाबतीत नख पातळ झाल्याचे सूक्ष्मदर्शी व ध्वनिलहरींच्या मापनाने दिसून आले. एवढ्या लहान पाहणीवरून सर्वसाधारण सिद्धान्त बांधता येत नाही, आणि नखाची झीज जेलमुळे, ॲसिटोनमुळे की खरवडण्यामुळे, हेही तीवरून पृथक् करता येत नाही. तथापि काढून झाल्यावर नखावर जे खडूसारखे पांढरे ओरखडे दिसतात, ते ज्या जागी लेप ओढून काढला त्या जागीच उमटतात, हे कोणालाही आपल्या हातावर पडताळून पाहता येते.

हार्ड जेलच्या बाबतीत माझे मत निःसंदिग्ध आहे: ते घरी पूर्णपणे काढावयाचे नाही. ॲसिटोनने ते सुटत नाही, ते केवळ घासून काढावे लागते, आणि कृत्रिम थर कोठे संपला व नैसर्गिक नख कोठे सुरू झाले हे ओळखण्यास सरावलेला हात लागतो. ऑनलाइन दुकानांतून अलीकडे विजेवर फिरणारी छोटी घासणी-यंत्रे स्वस्तात मिळू लागली आहेत. अननुभवी हातात ती क्षणार्धात नख तापवितात आणि मुळाशी चंद्रकोरीच्या आकाराची लाल, हुळहुळी खाच पाडतात, जी पुढे सरकायला महिने घेते. ज्या स्त्रीला निष्णात कारागिराकडे जाणे शक्य नाही, तिच्यासाठी एक निर्धोक मार्ग उपलब्ध आहे: लांबी कापून आखूड करावी, वरची जाडी साध्या कानशीने थोडी कमी करावी, आणि नैसर्गिक नख वाढत जाईल तसतसे टोक कापीत राहावे. यास चार-पाच महिने लागतात, परंतु नखाची कणमात्र झीज होत नाही. कड सुटून आत पाणी साचू लागले तर मात्र ही वाट पाहणे सोडून जाणकाराकडे गेले पाहिजे.

घरगुती उपायांचा जो भरणा ऐकू येतो त्याचा परामर्श घेणेही प्राप्त आहे. टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर, अंगाला फवारावयाचा सुवासिक स्प्रे, यांपैकी कशातही ॲक्रिलिक किंवा जेल विरघळविण्याचे सामर्थ्य नाही. वेळ जातो आणि कातडी चुरचुरते, एवढाच लाभ. नखाखाली दोरा घालून करवतीसारखा ओढणे ही युक्ती तर सर्वांत अनिष्ट, कारण दोरा कृत्रिम नख आणि नैसर्गिक नख यांच्यामधूनच जाईल याची काहीच शाश्वती नसते; तो नैसर्गिक नखाच्या थरांमधून जातो. रंगाच्या दुकानातील थिनर वापरण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो स्पष्ट शब्दांत नाकारावा. थिनर हे टोल्युइनसारख्या द्रावकांचे अनिश्चित मिश्रण असून त्वचेवर अर्धा तास बांधून ठेवण्याचा तो पदार्थच नव्हे.

आता ॲसिटोनविषयी. त्याची बदनामी अंशतः अन्यायाची आहे: हा पदार्थ आपल्या शरीरातही चरबीच्या विघटनातून अल्प प्रमाणात तयार होतो आणि शरीर त्याचा निचरा करू शकते. त्याचा खरा धोका विषारीपणात तितकासा नाही जितका ज्वालाग्राहीपणात आहे. शून्याखाली सुमारे वीस अंश सेल्सिअसलाही त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या घरातील कोणत्याही ऋतूत ते पेटण्यास सिद्धच असते. छप्पन्न अंशांना ते उकळते. आणि त्याची वाफ हवेहून दुप्पट जड असल्यामुळे ती जमिनीलगत सरपटत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. आपल्या घरांच्या रचनेत ही गोष्ट विशेष मनावर घेण्याजोगी आहे. ओट्यावरची गॅसची शेगडी, देवघरातील निरांजन आणि उदबत्ती, खाटेखाली जळणारी डासांची कॉइल, गीझरची ज्योत, ही सर्व विझलेली असल्याखेरीज बाटली उघडू नये. स्वयंपाकघरात हे काम करूच नये. खिडकी उघडी असलेल्या खोलीत किंवा गॅलरीत बसावे. ॲसिटोन लवकर काम करावे म्हणून ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करणे हा शुद्ध अविचार होय. ऊबच हवी असेल तर बांधलेल्या बोटांभोवती कोमट पाण्याची पिशवी टॉवेलातून धरावी.

या द्रावकाचा अंमल नखापुरता राहत नाही, हेही विसरू नये. थर्माकोलची ताटली किंवा पातळ प्लॅस्टिकचा पेला त्याच्या स्पर्शाने वितळून खाली सांडतो; सनमायका, पॉलिश केलेले लाकूड, चष्म्याची फ्रेम आणि मोबाइलचे आवरण यांवर कायमचे डाग पडतात. काम स्टीलच्या ताटात करावे, आणि काचेची किंवा स्टीलची वाटी वापरावी. वापरलेला कापूस लगेच कचऱ्याच्या डब्यात न टाकता उघड्यावर वाळू द्यावा, आणि उरलेले ॲसिटोन मोरीत ओतू नये. डोळ्यांत उडाल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांना दाखवावे.

लहान मुलांचा मुद्दा वेगळा काढून सांगतो, कारण त्यामागे एका बालकाच्या मृत्यूचा दाखला आहे. कृत्रिम नखे काढण्याच्या काही द्रवांत पूर्वी ॲसिटोनऐवजी ॲसिटोनायट्राइल हा नावाने जवळचा पण गुणाने सर्वस्वी भिन्न पदार्थ असे, जो पोटात गेल्यावर शरीरात त्याचे सायनाइड बनते. असा द्रव प्यायल्याने एक बालक दगावले आणि दुसरे अत्यवस्थ झाले, त्याचा वृत्तान्त १९८८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यानंतर अमेरिकेत अशा बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणे सक्तीची झाली आणि युरोपात सौंदर्यप्रसाधनांत या पदार्थास मनाईच झाली. आज कोणत्याही घराने यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे: नखे काढण्याचा द्रव मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावा, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय ताबडतोब सोडावी. कोणी प्यायल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता बाटलीसह रुग्णालय गाठावे.

ॲलर्जीचे प्रकरण अलीकडे वाढीस लागले आहे. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जाहीर केलेल्या पाहणीत चाचणी केलेल्यांपैकी २.४ टक्के व्यक्तींना मेथाक्रिलेट वर्गातील किमान एका रसायनाची ॲलर्जी आढळली. यांतील हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट हे रसायन नखांच्या मालात केवळ व्यावसायिकांनीच वापरावे, असा निर्बंध युरोपीय संघाने घातला आहे. कारण असे, की घट्ट झालेला पदार्थ निरुपद्रवी असला तरी घरच्या अपुऱ्या दिव्याखाली अर्धवट घट्ट झालेल्या लेपात मूळ रसायन शिल्लक राहते, आणि घासताना उडणाऱ्या भुकटीतून ते बोटांवर, आणि बोटांवरून पापण्यांवर व मानेवर जाते. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर टिकते, आणि त्याच वर्गातील पदार्थ दातांच्या भरणात व कृत्रिम सांधा बसविण्याच्या सिमेंटमध्ये असल्यामुळे पुढे वैद्यकीय उपचारांतही अडथळा येऊ शकतो. म्हणून कानस चालविताना नाकावर मास्क असावा, भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, आणि बोटांना खाज किंवा पुरळ आलेली असताना घरी काही न करता त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

ज्यांनी हे काम घरी करूच नये अशा इतर व्यक्तींचाही उल्लेख केला पाहिजे. नखाभोवती सूज, ठणका किंवा पू, म्हणजे ज्याला आपण नखुरडे म्हणतो ते, असताना; मधुमेह असून बोटांची संवेदना कमी झालेली असताना; नख तळापासून सुटलेले असताना; किंवा कातडीला चीर गेलेली असताना द्रावक लावू नये. कृत्रिम नख निघाल्यावर खालचे नख उजेडात नीट निरखून पाहावे. सुटलेल्या कडेखाली ओल साचून स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढला असेल तर तेथे हिरवट डाग दिसतो. तो पुसून जात नाही, दुखतही नाही, आणि म्हणूनच पुष्कळ जणी त्यावर नवे नख बसवून तो झाकतात, ज्याने जंतूला हवा तो अंधार आणि ओलावा आणखी काही आठवडे मिळतो. असे नख उघडे आणि कोरडे ठेवून डॉक्टरांना दाखवावे. नखातून लांबीने जाणारी नवी काळसर पट्टी दिसली तर तीही दाखविण्यात दिरंगाई करू नये.

हाच जंतू रुग्णालयात किती अनर्थ घडवू शकतो, याचा एक दाखला जगभर अभ्यासिला गेला आहे. ओक्लाहोमा सिटीतील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात जानेवारी १९९७ ते मार्च १९९८ या अवधीत ४६ अर्भकांना स्यूडोमोनासची लागण झाली व त्यांपैकी १६ दगावली. चौकशीत या लागणीचा संबंध दोन परिचारिकांशी आढळला, एकीची स्वतःची नखे लांब होती, दुसरीची लांब नखे कृत्रिम होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णांशी प्रत्यक्ष संपर्क असणाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. रुग्णाच्या बाजूनेही हा मुद्दा लागू होतो: रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारा ऑक्सिमीटर, जो कोरोनाच्या साथीपासून घराघरांत आला, तो नखातूनच प्रकाश पाठवितो, आणि जाड, गडद कृत्रिम नखावर त्याचे माप चुकू शकते. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा बाळंतपणाच्या आधी दोन-तीन दिवस सवडीने नखे उतरवून घ्यावीत, म्हणजे दवाखान्यात ऐन वेळी घाईने उचकटण्याचा प्रसंग येत नाही.

नखे निघाल्यानंतरची निगा अल्पखर्चाची आहे. हात साबणाने धुवावेत, उरलेली खवले २४० क्रमांकाच्या बारीक कानशीने अगदी हलक्या हाताने सपाट करावीत, आणि मग खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नखांना व कातडीला दिवसातून दोन-तीनदा चोळावे. तेलाने नखातील ओलावा टिकतो व ठिसूळपणा कमी भासतो, झिजलेला थर मात्र परत येत नाही. त्याला वाढीचा काळच द्यावा लागतो. नखे आखूड ठेवावीत, भांडी घासताना व कपडे धुताना रबरी हातमोजे घालावेत. फॉर्मल्डिहाइड असलेली, नखे कडक करणारी लेपने टाळावीत, कारण त्यांच्या सतत वापराने नख कडक होता-होता ठिसूळही होते. बायोटिनच्या गोळ्यांचा सर्रास वापर होतो. त्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली इशारा दिला, की त्यांच्यामुळे रक्ताच्या काही तपासण्या, हृदयविकाराच्या निदानासाठी होणारी ट्रोपोनिनची तपासणी धरून, चुकीच्या येऊ शकतात. तेव्हा गोळ्या घेत असल्यास प्रयोगशाळेत ते सांगावे. नख पूर्ववत होईपर्यंत, म्हणजे निदान झिजलेला भाग टोकाशी येईपर्यंत, पुन्हा कृत्रिम नख न बसविणे हेच हिताचे.

घर की पार्लर, या वादाचा फैसला यावरून सहज होतो. पार्लरमध्ये कसब असते पण पुढचे गिऱ्हाईक ताटकळत असते. घरी कसब कमी असते पण वेळ आपल्या मालकीचा असतो. प्रेस-ऑन, डिप-पावडर आणि जेल-पॉलिश ही घरी निर्धास्तपणे उतरविता येतात. ॲक्रिलिकही उतरविता येते, परंतु पाऊण तास ते तासभर सवड आणि वर सांगितलेली दक्षता असेल तरच. हार्ड जेल, आणि कितीही भिजविले तरी दाद न देणारे कोणतेही नख, जाणकाराच्या स्वाधीन करावे. वाचक भगिनींना माझी आग्रहाची विनंती आहे की नखे बसवून घेताना रंग आणि आकार यांची निवड जितक्या बारकाईने आपण करतो, तितक्याच बारकाईने त्या कारागिराला दोन प्रश्न विचारावेत: हे कशाचे आहे, आणि हे कशाने निघेल. या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळत नाहीत, तेथे हात पुढे करू नये.